कॅन, कान्ट आणि गिळलेला 'ट': इंग्रजीतली आखूड रूपं ऐकायची, बोलायची, लिहायची कशी

अमेरिकेतल्या एका सहकारी बाईंशी फोनवर बोलणं चाललं होतं. गुरुवारी भेटायचं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आय कॅन डू थर्सडे." निदान मला तरी तसंच ऐकू आलं. गुरुवारी मी व्हिडिओ कॉल लावून पंचवीस मिनिटं स्वतःचाच चेहरा बघत बसलो. शेवटी त्यांचा निरोप आला: गुरुवार जमणार नाही म्हटलं होतं की मी! बाई 'कान्ट' म्हणाल्या होत्या, पण त्यांच्या पद्धतीनं, म्हणजे 'कॅन्ट'. त्यातला 'ट' त्यांनी गिळला होता आणि मी नेमका त्या 'ट'च्याच भरवशावर बसलो होतो.

या रूपांना शाळेत आपण 'शॉर्ट फॉर्म' म्हणायचो. 'आय ॲम'चं 'आयम', 'डू नॉट'चं 'डोन्ट', 'शी विल'चं 'शील'. व्याकरणात त्यांना कॉन्ट्रॅक्शन म्हणतात. मी इथे 'आखूड रूपं' म्हणतो. शाळेनं ती लिहायला शिकवली, अपॉस्ट्रॉफी कुठे द्यायची ते सांगितलं आणि विषय संपवला. ऐकायची कशी, हे कुणी सांगितलंच नाही. खरी अडचण तिथेच आहे, म्हणून सुरुवात कानापासून करू.

पायरी 1: आधी स्वतःचं मराठी ऐका

"काय करतोयस?" "येतोय, थांब." "झालंय का?" "अजून नाहीये झालं." "उद्या जाणारे मी." हे सगळं आपण दिवसभर बोलतो. 'करतो आहेस'चं 'करतोयस' झालं, 'जाणार आहे'चं 'जाणारे' झालं, 'कुठे आहे'चं 'कुठंय' झालं. याला कुणी आळशी मराठी म्हणत नाही. उलट घरात कुणी "तू काय करीत आहेस?" असं विचारलं, तर आपण क्षणभर चपापतो. हा रागावलाय की बातम्या देतोय?

आता यात काय गळलं ते बघा. 'करणं' गळलं नाही, 'जाणं' गळलं नाही. गळला तो 'आहे', म्हणजे अर्थाचं ओझं न उचलणारा, नुसता मदतनीस शब्द. इंग्रजीतही तेच होतं. 'इझ', 'ॲम', 'आर', 'हॅव', 'विल', 'वुड' ही सगळी मदतनीस मंडळी. वाक्यातला जोर मुख्य शब्दावर पडला की ही आक्रसून शेजाऱ्याला चिकटतात.

आणखी एक प्रयोग करा. "किल्ली आहे का तुझ्याकडे?" "हो, आहे." या उत्तरातल्या 'आहे'चा नुसता 'य' करून बघा. होतच नाही. का होत नाही, ते लक्षात ठेवा. सहाव्या पायरीवर हाच नियम इंग्रजीत जसाच्या तसा भेटणार आहे.

पायरी 2: जोर कुठे आहे, ते पकडा

इंग्रजी बोलताना पूर्ण रूप वापरलं, तर ते चुकत नाही. पण त्याचा सूर बदलतो. "आय डोन्ट नो" म्हणजे साधं 'माहीत नाही'. "आय डू नॉट नो" म्हणजे 'मला माहीत नाही, कितीदा सांगू!' आपल्याकडच्या अनेकांना वाटतं की पूर्ण रूप जास्त सभ्य. फोनवर पलीकडच्या माणसाला मात्र ते तुटक किंवा वैतागलेलं वाटू शकतं.

याचा फायदाही घेता येतो. कुणी म्हणालं, "तू ऐकतच नाहीस," तर "आयम लिसनिंग" हे उत्तर लुळं पडतं. तिथे "आय *ॲम* लिसनिंग" असंच म्हणायचं आणि जोर 'ॲम'वर द्यायचा. मराठीत आपण 'ऐकतोय *ना*' म्हणतो, त्या 'ना'चं काम इथे पूर्ण रूप करतं. इशारा देताना, मनापासून माफी मागताना, कुणाचं म्हणणं खोडताना पूर्ण रूप वापरावं. एरवी आखूड.

पायरी 3: तोंडात काय होतं

इथे थोडं रेंगाळू, कारण उच्चाराच्या निम्म्या अडचणी चार-पाच हालचालींवर येऊन थांबतात.

पहिली हालचाल 'डिडन्ट', 'कुडन्ट', 'वुडन्ट', 'शुडन्ट' यांची. आपण म्हणतो 'डि-डं-ट', म्हणजे 'ड' आणि 'न' यांच्यामध्ये एक 'अ' घुसवतो. इंग्रजीत तो बहुधा नसतो. 'ड'साठी जीभ वरच्या हिरडीला लागते, ती तिथेच राहते आणि 'न'चा आवाज नाकातून सुटतो. हे अवघड वाटत असेल, तर 'प्रयत्न' हा शब्द म्हणून बघा. 'त' आणि 'न' यांच्यामध्ये जीभ उचलली का? नाही. 'रत्न' नीट म्हटलं, तर तीच हालचाल होते. घाईत 'रतन' म्हटलं, तर मध्ये 'अ' येतो. 'डिड्न्ट' हे 'रत्न'सारखं म्हणा, 'रतन'सारखं नको.

दुसरी गोष्ट शेवटच्या 'ट'ची. 'पटकन' म्हणताना 'ट' पूर्ण फुटत नाही. जीभ वर लागते, हवा अडते आणि आपण थेट 'क'वर जातो. इंग्रजीतल्या 'न्ट'चा 'ट' बऱ्याचदा असाच अडकून राहतो, विशेषतः पुढे व्यंजन आलं की. "डोन्ट वरी"मध्ये 'ट' जवळजवळ नसतोच. पुढे 'यू' आलं, तर 'ट' आणि 'य' मिळून 'च' होतो: 'डोन्च्यू', 'डिडन्च्यू'. 'मस्ट नॉट'च्या आखूड रूपात तर मधला 'ट' कुणीच म्हणत नाही. उच्चार 'मस्न्ट'. आपल्याकडे 'मस्टंट' फार ऐकू येतं.

तिसरी गोष्ट 'एस'ची. अपॉस्ट्रॉफीनंतरचा 'एस' दोन तऱ्हांनी बोलला जातो. 'इट', 'दॅट', 'व्हॉट' यांच्या मागे तो 'स' असतो: 'इट्स', 'दॅट्स', 'व्हॉट्स'. 'ही', 'शी', 'हू', 'देअर' यांच्या मागे तो घोष होतो, म्हणजे 'मजा'मधल्या 'ज'सारखा: 'हीझ', 'शीझ', 'हूझ'. 'मजा' या शब्दामुळे हा आवाज आपल्या तोंडात आयताच आहे, तरी आपण 'हीस' म्हणतो, कारण डोळ्यांसमोर 'एस' हे अक्षर असतं.

'विल'चा उरलेला 'ल' मागच्या शब्दाचा स्वरही ओढून घेतो. 'आयल' वेगानं बोललं की 'आल' ऐकू येतं, 'वील' कधी कधी 'विल'च वाटतं. अमेरिकेत 'इट विल'चं 'इट्ल' न राहता 'इडल' होतं, कारण दोन स्वरांच्या मधला 'ट' तिथे एका फटक्यात 'ड'कडे, थोडा 'र'कडे झुकतो. पहिल्यांदा ऐकताना हा कुठला नवा शब्द, असं वाटतं.

आणि 'हॅव'. त्याचा फक्त 'अव' उरतो: 'शुडव', 'कुडव'. जोर नसलेलं 'ऑफ'सुद्धा नेमकं असंच ऐकू येतं. त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही सर्रास 'कुड ऑफ' असं लिहून बसतात. ही चूक कानानं लिहिणाऱ्यांची आहे. आपण डोळ्यांनी शिकलो, म्हणून आपल्याकडून ती फारशी होत नाही. तेवढं एक समाधान.

पायरी 4: 'कॅन' आणि 'कान्ट' ओळखा

आता माझ्या गुरुवारच्या फजितीकडे. शोधायचं ते 'ट'ला नाही, स्वराला.

होकारी 'कॅन' वाक्याच्या मध्ये आलं की त्याचा 'ॲ' उरत नाही. ते 'कन' होतं, कधी नुसतं 'क्न'. "आय क्न डू थर्सडे." जोर 'डू'वर. नकारी रूप मात्र कधीच असं आक्रसत नाही. त्याचा स्वर पूर्ण आणि ठसठशीत राहतो आणि शेवटी आवाज चटकन तुटतो: "आय कॅन्' डू थर्सडे." म्हणजे ज्या क्षणी मला स्पष्ट 'कॅन' ऐकू आलं, त्याच क्षणी मी समजायला हवं होतं की हा नकार आहे. आपण शिकलेल्या पद्धतीच्या हे बरोबर उलटं आहे. आपण होकारातही खणखणीत 'कॅन' म्हणतो आणि मग अमेरिकन माणूस आपला होकार नकार समजतो. फजिती दोन्ही बाजूंनी होते.

एक अपवाद आहे, तो माहीत हवा: "यस, आय कॅन!" असं ठासून सांगताना किंवा वाक्याच्या शेवटी 'कॅन' पूर्णच बोलतात. तिथे मागचं-पुढचं बघूनच ठरवावं लागतं. शंका आली, तर मी आता सरळ विचारतो: "म्हणजे गुरुवार नको, बरोबर?" यात कमीपणा काही नाही. अमेरिकन माणसंही एकमेकांना विचारतात, 'कॅन की कॅन्ट?'

प्रांताप्रांतानं या एका शब्दाची काय काय रूपं होतात, तेही बघून ठेवा.

दक्षिण इंग्लंडमध्ये 'काऽन्ट', लांब 'आ'. आपण शाळेत शिकलो ते हेच. उत्तर इंग्लंडमधली माणसं 'बाथ'ला 'बॅथ' आणि 'ग्रास'ला 'ग्रॅस' म्हणतात, म्हणून वाटतं की ती 'कॅन्ट' म्हणत असतील. पण नाही, हा शब्द तीही बहुतेक वेळा 'काऽन्ट'च म्हणतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्येही लांब 'आ', फक्त तो तोंडात जरा पुढे, दातांच्या बाजूला उच्चारलेला. अमेरिका आणि कॅनडात 'कॅन्ट'. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत आणि ॲपलेशियन डोंगराळ भागात 'केन्ट' ऐकू येतं, 'पेन्ट'शी यमक जुळणारं. स्कॉटलंडमध्ये 'कॅने'. आणि इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला ब्लॅक कंट्री नावाचा जुना कोळसा-लोखंडाचा पट्टा आहे, तिथल्या बोलीत 'कोऽ'. त्यात ना 'न', ना 'ट'. नकार अख्खाच्या अख्खा स्वरात जाऊन बसलाय.

तुम्ही कुठलं बोलावं? 'काऽन्ट' जिभेवर बसलं असेल, तर तेच ठेवा. तो उच्चार जगात सगळीकडे समजतो आणि 'कॅन'पासून वेगळा राहतो, हा त्याचा मोठा फायदा. उगाच अमेरिकन व्हायच्या नादात 'कॅन्ट' उचलायचं आणि होकारी 'कॅन' मात्र जुनाच खणखणीत ठेवायचा, हा सगळ्यात वाईट सौदा.

पायरी 5: 'वॉन्ट' आणि 'वोन्ट' वेगळे करा

हे दुखणं खास आपलं. 'हवंय' आणि 'करणार नाही' यांत केवढं अंतर! पण आपल्या तोंडून दोन्ही 'वोन्ट'च्या आसपास येतात. "आय वॉन्ट टू पे" आणि "आय वोन्ट पे" यांची गल्लत महागात पडू शकते.

'विल नॉट'चं आखूड रूप 'डोन्ट'चं जुळं भावंड आहे. 'ओ'पासून सुरू होऊन ओठ 'उ'कडे गोल होत जातात: 'वोउन्ट', 'डोउन्ट'. 'वॉन्ट'मध्ये जबडा खाली पडतो आणि ओठ शेवटी गोल होत नाहीत. आरशासमोर 'डोन्ट–वोन्ट, डोन्ट–वोन्ट' असं दहा वेळा म्हणा, मग एकदा 'वॉन्ट'. ओठांतला फरक दिसला पाहिजे.

'विल'मधून 'वो' आला कुठून, हा प्रश्न शाळेत मलाही पडायचा. मध्ययुगीन इंग्रजीत 'विल'चं 'वोल' असंही रूप होतं. ते रूप मेलं, पण त्याचा नकार जगला. असं भाषेत चालतंच.

पायरी 6: कुठे आखूड करायचं नाही

आता ती किल्ली. "आर यू रेडी?" याचं उत्तर "यस, आय ॲम." "यस, आयम" असं कुणीही इंग्रज म्हणणार नाही, अगदी तीन वर्षांचं पोरसुद्धा. कारण पुढचा 'रेडी' गाळलेला आहे आणि त्याचं वजन आता 'ॲम'वर आलंय. 'हो, आहे'मधला 'आहे' आक्रसत नाही, तो याच कारणानं.

हा नियम फक्त वाक्याच्या शेवटाचा नाही. मदतनीस शब्दाच्या लगेच पुढे काहीतरी गाळलं किंवा उचलून पुढे नेलं असेल, तर तो पूर्णच राहतो. "आय नो व्हेअर ही इझ" बरोबर, "व्हेअर हीझ" चूक. "शी इझ टॉलर दॅन आय ॲम" बरोबर, "दॅन आयम" चूक.

नकाराला मात्र ही आडकाठी नाही. "नो, आय कान्ट." "नो, दे आरन्ट." नकाराचं रूप स्वतःच वजनदार असतं, म्हणून ते शेवटीही उभं राहतं.

नकारात दोन वाटा असतात: "शी इझन्ट" किंवा "शीझ नॉट". कुठलीही एक घ्या, दोन्ही एकदम नाही. 'आय'साठी प्रमाण इंग्रजीत एकच वाट आहे: "आयम नॉट". पण मग प्रश्न कसा विचारायचा? "मी बरोबर आहे ना?" याला इंग्रजीत "आरन्ट आय?" म्हणतात. 'आय'बरोबर 'आर' कसा काय, असं वाटून आपण बिचकतो, पण रूप बरोबर आहे. 'ॲम नॉट'चं जुनं आखूड रूप 'आऽन्ट' असं बोललं जायचं. दक्षिण इंग्लंडच्या उच्चारात 'आर'मधला 'र' मुका, त्यामुळे 'आरन्ट'सुद्धा 'आऽन्ट'च. दोन्हींचा आवाज एक झाला आणि लिहिताना स्पेलिंग 'आर'वाल्याचं आलं. गंमत म्हणजे अमेरिकेत 'र' स्पष्ट बोलतात, तरी तेही आता 'आर्न्ट आय?' म्हणतात. स्पेलिंग समुद्र ओलांडून गेलं आणि 'र' परत मिळवून बसलं.

प्रश्नातली दुसरी खबरदारी: "इझन्ट ही कमिंग?" चालतं, पण ते सोडवून "इझ नॉट ही कमिंग?" केलं, तर ते आजच्या इंग्रजीत बसत नाही. सोडवायचं झालं, तर 'नॉट' मागे जातो: "इझ ही नॉट कमिंग?" आणि हे फार औपचारिक वाटतं.

पायरी 7: एका अक्षरामागचा शब्द ओळखा

'आयड' म्हणजे 'आय वुड' की 'आय हॅड'? कानाला दोन्ही सारखेच. पुढचं क्रियापद बघा. मूळ रूप असेल, तर 'वुड': "आयड गो". तिसरं रूप असेल, तर 'हॅड': "आयड गॉन". 'बेटर' आलं, तर 'हॅड', 'रादर' आलं, तर 'वुड'. 'व्हेअरड यू गो?' असं ऐकलंत, तर तिथला 'ड' हा तिसराच, म्हणजे 'डिड'.

'एस'चंही तसंच. "हीझ स्लीपिंग"मध्ये 'इझ', "हीझ बीन"मध्ये 'हॅझ', "लेट्स गो"मध्ये चक्क 'अस', आणि "व्हॉट्स ही वॉन्ट?" यात 'डझ'. 'इट्स ब्रोकन' हे 'मोडलेलं आहे' असंही असू शकतं आणि 'मोडलंय' असंही. बोलणाऱ्यालाही बहुधा फरक करायचा नसतो, तुम्हीही डोकं शिणवू नका.

पायरी 8: प्रांताची रूपं समजून घ्या, उचलू नका

पहिलं 'एन्ट'. 'ॲम नॉट', 'इझ नॉट', 'आर नॉट', 'हॅव नॉट', 'हॅझ नॉट' या सगळ्यांचं काम हा एकटा करतो. 18व्या शतकापासून तो लेखी सापडतो आणि इंग्लंडपासून अमेरिकेपर्यंत जवळजवळ प्रत्येक बोलीत आहे. तरीही परीक्षेत किंवा मुलाखतीत तो वापरला, तर भुवया उंचावतात. शिकलेली माणसंही तो वापरतात, पण मुद्दाम, थट्टेनं किंवा ठरलेल्या वाक्प्रचारात. मातृभाषिकाच्या तोंडी ते खेळकर वाटतं. आपल्या तोंडी तीच चूक ठरते. अन्याय आहे, पण आहे.

स्कॉटलंडमध्ये नकार 'ने'नं होतो: 'डिडने', 'वुडने', 'इझने', 'डिने' म्हणजे 'डोन्ट'. मराठीतला 'ना' आठवला, तर चालेल, नातं मात्र जोडू नका. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये 'ॲमन्ट' जिवंत आहे: "ॲमन्ट आय राइट?" तर्कानं बघितलं, तर 'आरन्ट आय'पेक्षा हेच शहाणं रूप. आयर्लंडमध्ये 'इट इझ'चं 'टिझ' हे जुनं रूपही रोजच्या बोलण्यात आहे. बाकी ठिकाणी ते कवितेत गेलं.

उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमधला माणूस "आयव नॉट सीन इट", "आयल नॉट गो" असं म्हणण्याची शक्यता जास्त, दक्षिणेतला "आय हॅवन्ट", "आय वोन्ट" म्हणण्याची. दोन्ही बरोबर. लंडनमध्ये 'इझन्ट इट'चं 'इनिट' झालंय आणि तरुणांच्या बोलण्यात ते कुठल्याही वाक्याला चिकटतं, कर्ता 'इट' असो वा नसो. आपलं 'ना' किंवा 'की नाही' असंच कुठेही बसतं.

अमेरिकेच्या दक्षिणेत 'न'च्या आधीचा 'झ' बदलून 'ड' होतो: 'इझन्ट'चं 'इड्न्ट', 'वॉझन्ट'चं 'वॉड्न्ट'. तिथलंच 'यॉल', म्हणजे 'यू ऑल'. एक 'तू' आणि अनेक 'तुम्ही' यांतला फरक इंग्रजीनं गमावला होता, तो या रूपानं भरून काढला. पण आदरार्थी 'तुम्ही' म्हणून ते एकट्या साहेबांना वापरू नका. ते अनेकांसाठी आहे. या सगळ्यांत 'यॉल' तेवढं परक्यांच्या तोंडीही खपून जातं.

'शान्ट', म्हणजे 'शॅल नॉट', ब्रिटनमध्ये अजून अधूनमधून ऐकू येतं, अमेरिकेत जवळजवळ नाही. शाळेत पाठ केलं असलं, तरी बोलताना सोडून द्या.

पायरी 9: 'गॉना', 'वॉना' मंडळी

'गोइंग टू'चं 'गॉना', 'वॉन्ट टू'चं 'वॉना', 'गॉट टू'चं 'गॉटा'. ही अमेरिकन आहेत असा समज आहे, पण ब्रिटनमध्येही लोक हेच बोलतात. नियम एकच महत्त्वाचा: 'गॉना'च्या पुढे क्रियापदच हवं. "आयम गॉना कॉल" चालेल. पण गावाला जायचं असेल, तर "आयम गॉना लंडन" नाही, तिथे पूर्ण 'गोइंग टू'. मराठीतलं 'जाणारे' किंवा 'करणारे' जसं पुढच्या बेताबद्दल बोलतं, तसंच 'गॉना'. आणि 'शी वॉना' म्हणू नका. 'वॉन्ट्स'चा 'स' आला की ते रूप जमत नाही.

पायरी 10: लिहिताना

अपॉस्ट्रॉफी दोन शब्दांच्या सांध्यावर नसते, ती गळलेल्या अक्षराच्या जागी असते. 'डिडन्ट'मध्ये 'एन' आणि 'टी' यांच्यामध्ये, कारण तिथला 'ओ' गेला. 'डी' आणि 'एन' यांच्यामध्ये टाकणं ही नेहमीची चूक.

'त्याचं' या अर्थाच्या 'इट्स'ला अपॉस्ट्रॉफी नसते, 'इट इझ'च्या 'इट्स'ला असते. लिहिल्यावर सोडवून वाचा: 'इट इझ' बसतंय का? बसत असेल, तरच अपॉस्ट्रॉफी. 'हूझ'च्या दोन स्पेलिंगांनाही हीच चाचणी. फोनच्या कीबोर्डवर विसंबू नका, तो दोन्हीकडे घोळ घालतो.

अपॉस्ट्रॉफी राहिली की काही शब्दांचा दुसराच शब्द होतो: 'वील'चा 'वेल', 'आयल'चा 'इल' म्हणजे आजारी, 'वीअर'चा 'वर'. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ 'डोन्ट'सारख्या शब्दांत अपॉस्ट्रॉफी देतच नसत, पण 'आयल'मध्ये त्यांनीही ती ठेवली. आणि आखूड रूपांवरची तक्रार तर त्याहून जुनी: 1710 मध्ये जोनाथन स्विफ्ट यांनी लंडनच्या एका नियतकालिकात 'कान्ट'सारख्या रूपांची यथेच्छ टर उडवली होती. तीनशे वर्षं झाली, 'कान्ट' तिथेच आहे.

कामाच्या ईमेलमध्ये आखूड रूपं चालतात, उलट त्यानं पत्र माणसाळतं. करार, प्रबंध, कायदेशीर नोटीस यांत पूर्ण रूपं. आणि जिथे नकार चुकला तर नुकसान होईल, तिथे ईमेलमध्येसुद्धा 'कॅनॉट' हा अखंड शब्द लिहावा. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाची लेखन-नियमावलीही 'कान्ट', 'डोन्ट' टाळा असंच सांगते, कारण अनेक वाचक ती घाईत उलट्या अर्थानं वाचतात. माझ्या गुरुवारसारखंच, फक्त डोळ्यांनी.

रोजचा सराव

एक मिनिटाचं खऱ्या गप्पांचं रेकॉर्डिंग घ्या. बातम्या नकोत, त्या फार स्वच्छ बोलल्या जातात. पाऊण वेगानं लावा आणि प्रत्येक आखूड रूप ऐकू आलं की कागदावर एक रेघ मारा. मग सबटायटल लावून मोजा. पहिल्या दिवशी निम्मी निसटतात. निसटलेली बहुतेक 'ड', 'ल' आणि 'अव'वाली असतात. 'न्ट'वाली सहसा सापडतात.

नंतर एक वाक्य घेऊन आठवडाभर घोळवा. मी हे घेतलं होतं: "आयडव टोल्ड यू इफ आयड नोन हीड बी लेट." म्हणजे 'त्याला उशीर होणारे हे मला माहीत असतं, तर मी तुला सांगितलं असतं.' यात तीन 'ड' आहेत: पहिला 'वुड', त्याला 'हॅव'चा 'अव' चिकटलेला, दुसरा 'हॅड', कारण पुढे 'नोन' हे तिसरं रूप, तिसरा पुन्हा 'वुड', कारण पुढे 'बी'. आधी पूर्ण रूपांनी सावकाश म्हणा. मग जोर फक्त 'टोल्ड', 'नोन' आणि 'लेट' या तीन शब्दांवर ठेवून टेबलावर तीन टिचक्या मारा आणि बाकीचं सगळं त्या टिचक्यांच्या मधल्या जागेत बसवा. चौथ्या-पाचव्या दिवशी ते आपोआप बसतं.